दम लागला की बसायचं : कुस्कोतली जोडीची भटकंती

शुक्रवार

पेरूच्या राजधानीहून, लिमाहून, सकाळचं विमान सव्वा तासात कुस्कोला पोचवतं. समुद्राकाठून थेट ३४०० मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी वर शंभरेक मीटर उरतात. ते आकडे वाचून कळत नाहीत, पट्ट्यावरची बॅग उचलताना कळतात. माझा नवरा मंदार रोज सकाळी धावणारा माणूस, पण बॅग खाली ठेवून तो दोन मिनिटं नुसता उभा राहिला.

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आले होते, मुलं त्यांच्याकडे सोपवली होती. अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांना या सहा महिन्यांची किंमत वेगळी सांगायला नको. त्यातून भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मे महिना घेतला, कारण पाऊस संपलेला असतो आणि जूनमधल्या इंती रायमी उत्सवाची गर्दी अजून यायची असते.

निघण्यापूर्वी जोडप्यांसाठीच्या बऱ्याच याद्या वाचल्या होत्या. मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण, पिस्को सावर हे इथलं मद्य, स्पा, परत मेणबत्ती. पहिल्या दिवशी यातलं काहीही करू नये. उंचीवर दारू लवकर चढते, जड जेवण पचत नाही आणि डोकं आधीच ठणकत असतं. हॉटेलात शिरल्या शिरल्या कोकाच्या पानांचा काढा समोर आला. चव साधारण गवती, किंचित कडवट. ज्यांना तो नको त्यांच्यासाठी मुन्या नावाच्या डोंगरी वनस्पतीचा चहा असतो, पुदिन्याच्या जवळचा. मला तोच आवडला. कोकाची पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून अमेरिकेत मात्र नेऊ नका, तिथे ते बेकायदा आहे.

दुपारभर झोप काढली आणि उन्हं कलल्यावर प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात जाऊन बाकावर बसलो. बस्स, एवढाच कार्यक्रम. एका बाजूला कॅथेड्रल, शेजारच्या बाजूला ला कोम्पान्यिया चर्च, बाकी कमानी आणि त्यांच्यावर लाकडी सज्जे. मधल्या कारंज्यावर पाचाकुतेक या इंका राजाचा सोनेरी पुतळा. इंकांच्या, म्हणजे स्पॅनिशांआधी इथे राज्य करणाऱ्यांच्या काळी हा चौक याहून मोठा होता आणि त्यात समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली वाळू पसरलेली असे. मधे अख्खी अँडीज पर्वतरांग ओलांडून! पुढे स्पॅनिशांनी ती काढायला लावली आणि कॅथेड्रलच्या बांधकामाला वापरली. दिवे लागले तसे भोवतालचे डोंगर वरपर्यंत उजळत गेले. सूर्य गेला की मात्र गारठा असा झपकन येतो की बोलणं अर्ध्यावर टाकून उठावं लागतं. आम्ही क्विनोआचं गरम सूप प्यायलो आणि साडेआठला झोपलो.

शनिवार

डोकं हलकं झालं होतं. सकाळी सान पेद्रोच्या बाजारात गेलो. १९२५ सालचा हा मोठा छपराचा बाजार म्हणजे कुस्कोचं स्वयंपाकघर आहे. फळांचा रस काढणाऱ्या बायका ओळीने उंच गाड्यांवर बसलेल्या. प्रत्येकीची हाक दुसरीपेक्षा मोठी. एकीकडे बसलो की दुसरीकडे बघायचं नाही, हा इथला अलिखित नियम. ग्लास रिकामा झाला की ब्लेंडरमध्ये उरलेला रस ती परत ओतते. याला ‘यापा’ म्हणतात. त्यामुळे दोघांत एकच ग्लास मागवा, भरपूर होतो.

बटाट्यांच्या ओळीपाशी मी अडकले. जांभळे, पिवळे, काळपट, बोटासारखे, गाठींचे. पेरूत बटाट्याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा पांढऱ्या खड्यांसारखा पोत्यांत भरलेला होता. तो वर्षानुवर्षं टिकतो. पुढच्या गाळ्यावर मधात घोळवलेल्या बारीक लाह्यांच्या वड्या दिसल्या. इथे त्या धान्याला किविचा म्हणतात. मंदारने तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला.

“अरे, हा तर आपला राजगिरा!” सासूबाई म्हणाल्या. “उपासाला चालतो का तिकडे?”

उपासाचं त्यांनी काढलंच आहे तर सांगते. साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. राजगिराही तिकडचाच. एकादशीला आपण जे निष्ठेने खातो त्यातलं अर्धं ताट पोर्तुगीज जहाजं समुद्रात फिरायला लागेपर्यंत आपल्याकडे नव्हतंच. हे सासूबाईंना सांगायचं धाडस मंदारने केलं नाही.

बाजारातून ला कोम्पान्यिया चर्चमध्ये गेलो. जोडप्यांनी इथलं एक चित्र पाहावंच. सतराव्या शतकातलं, भलंमोठं, एका लग्नाचं. नवरा मार्तिन गार्सिया दे लोयोला, जेझुइट पंथ स्थापन करणाऱ्या इग्नेशियसच्या घराण्यातला. नवरी बेआत्रिस, इंका राजकन्या. दोघांचे कपडे झगमगीत, मागे तिचे इंका आप्त राजचिन्हांसह बसलेले. लग्नाच्या अल्बममधला फोटो शोभावा असं सगळं. आता त्यामागची गोष्ट ऐका. १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याला जंगलात पाठलाग करून पकडणारा सरदार हाच मार्तिन. राजाचा शिरच्छेद झाला आणि बक्षीस म्हणून सरदाराला राजाची पुतणी मिळाली, तिच्या जहागिरीसकट. पुढे १५९८ मध्ये चिलीत मापुचे लढवय्यांनी त्याला मारलं. चित्रात यातलं काही नाही. चित्रात फक्त दोन घराणी एक झाली.

“तिचा चेहरा बघ,” मंदार म्हणाला. मी बघितला. चित्रकाराने तिच्या चेहऱ्यावर काहीच ठेवलेलं नाही.

चर्चच्या बाजूने लोरेतो नावाची अरुंद गल्ली जाते, दोन्हीकडे इंकांच्या भिंती. एका हाताला पूर्वी ‘निवडलेल्या स्त्रियां’चं घर होतं. मुली लहानपणीच निवडून इथे ठेवत, त्या राजासाठी आणि सूर्यासाठी कापड विणत, मद्य बनवत. स्पॅनिश आले आणि तिथे जोगिणींचा मठ झाला. भिंत तीच, आत बायका त्याच तऱ्हेने बंद. याद्यांमध्ये ही गल्ली ‘हातात हात घालून चालण्यासाठी उत्तम’ म्हणून येते. उत्तम आहेच, पण कुस्कोतलं प्रेम फोटोत दिसतं तेवढं गोड नाही हे इथवर येताना माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

कोरिकांचा या सूर्यमंदिराला मात्र निवांत दोन तास द्या. भिंतींवर सोन्याचे पत्रे होते, बागेत सोन्याची मक्याची कणसं होती. १५३३ मध्ये स्पॅनिशांनी कैद केलेल्या अताहुआल्पा या इंका राजाच्या सुटकेची खंडणी म्हणून ते सोनं ओरबाडून वितळवलं गेलं. खंडणी घेऊनही त्याला मारलं, ते वेगळं. वर सांतो दोमिंगो मठ उभा राहिला. २१ मे १९५० च्या भूकंपात मठ ठिकठिकाणी कोसळला आणि आत दडलेल्या इंकांच्या खोल्या धक्काही न लागता बाहेर आल्या. किंचित आत झुकलेल्या भिंती, वर निमुळते होत जाणारे दरवाजे, सांध्यात चुना नाही की माती नाही. सूर्याच्या दालनाला सोनं आणि चंद्राच्या दालनाला चांदी मढवलेली होती, कारण इंकांच्या लेखी सूर्य आणि चंद्र हे नवरा-बायको. एकामागोमाग एक असलेल्या खिडक्यांतून पलीकडे बघत आम्ही बराच वेळ काढला.

रात्री शहराबाहेरच्या टेकडीवर एका छोट्या तारांगणाच्या कार्यक्रमाला गेलो. जागा आधी राखून ठेवावी लागते, ढग आले तर कार्यक्रम आतल्या आतच होतो. आमच्या वेळी आकाश स्वच्छ होतं. त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिणेला बराच वर चढलेला. लहानपणी मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवरून दक्षिण क्षितिजाला टेकलेला बघितला होता, न्यू जर्सीहून तर तो दिसतच नाही. इंकांची गंमत अशी की ते ताऱ्यांबरोबर ताऱ्यांमधला काळोखही वाचत. आकाशगंगा ही नदी, आणि तिच्यातले काळे डाग म्हणजे पाण्यावर आलेले प्राणी. साप, बेडूक, कोल्हा आणि एक मोठी लामा. नरतुरंग तारकासमूहातले दोन ठळक तारे हे तिचे डोळे, खाली दूध पिणारं पिल्लू. डोळे सापडेपर्यंत काहीच दिसत नाही आणि एकदा सापडले की लामा नजरेतून जात नाही. ब्लँकेट ते देतात, हातमोजे आपले न्यावेत. सगळ्या सहलीतली एकच संध्याकाळ निवडायची झाली तर मी ही निवडेन.

रविवार

रविवारी सकाळी चौकात झेंडावंदन असतं. पेरूचा झेंडा आणि कुस्कोचा इंद्रधनुषी झेंडा, बँड, शाळकरी मुलांची संचलनं. पंधरा मिनिटं बघून टॅक्सी केली आणि वर ताम्बोमाचायला गेलो. गुपित असं की टॅक्सीने वर जायचं आणि चालत खाली यायचं. उलटं करणारे लोक वाटेत लाल चेहऱ्याने भेटतात.

ताम्बोमाचायला दगडी पायऱ्यांमधून झऱ्याचं पाणी शतकानुशतकं वाहतं आहे. तिथून पुका पुकारा, मग निलगिरीच्या झाडांमधून केंको. केंकोच्या खडकाखाली कोरलेली थंडगार गुहा आहे. शेवटी साक्सायवामान. नागमोडी तटबंदीच्या तीन ओळी, त्यातला सगळ्यात मोठा दगड शंभर टनांहून जड. आज दिसतं ते उरलेलं आहे. लहान दगड स्पॅनिशांनी खाली शहर बांधायला नेले, मोठे हलले नाहीत म्हणून राहिले.

तटबंदीसमोरच्या टेकाडावर रोदादेरो आहे. गुळगुळीत खडकाच्या नैसर्गिक घसरगुंड्या. स्थानिक पोरं तिथे सुसाट घसरत होती आणि त्यांच्या मागे त्यांचे आईबाप, आणि एक आजी. मीही बसले. मंदार ‘पँट फाटेल’ म्हणत उभा होता, तेव्हा मागच्या पोराने त्याला सरळ ढकललं. पँट फाटली नाही. नंतर त्यानेच तीनदा रांग लावली. मेणबत्तीच्या टेबलावर आम्ही इतके कधी हसलेलो नाही.

जवळच पांढऱ्या ख्रिस्ताचा पुतळा हात पसरून उभा आहे. इथे आसरा मिळालेल्या पॅलेस्टिनी ख्रिश्चनांनी १९४५ मध्ये शहराला दिलेली ही भेट. त्याच्या पायाशी बसलं की लाल कौलांचं अख्खं कुस्को खाली दिसतं. तिथून पायऱ्यांनी सान ब्लासमध्ये उतरलो. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, कारागिरांची दुकानं आणि सिएते बोरेगितोस ही फुलांच्या कुंड्यांची गल्ली, जिथे फोटोसाठी जोडपी रांगेत उभी असतात. आम्हीही काढला. उतारावर हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. त्याला हात लावायचा नाही.

जेवायला पिकांतेरियात. या घरगुती खानावळी दुपारच्याच असतात. मक्यापासून आंबवलेली चिचा मोठाल्या काचेच्या पेल्यांतून येते, स्ट्रॉबेरी घातलेली गुलाबीही मिळते. पहिला थेंब जमिनीवर सांडायचा, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. चिचा आंबट आहे, सगळ्यांना आवडेलच असं नाही. मी शाकाहारी, माझ्यासमोर उकडलेल्या मोठ्या दाण्यांच्या मक्याचं कणीस आणि चीजचा तुकडा आला. एवढंच, पण दाणे इतके टपोरे की एकेक सोलून खाल्ला. मंदार सगळं खातो, पण कुई म्हणजे गिनीपिग त्याला धजवला नाही. इथे मानाचं पक्वान्न आहे ते. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेल्या ‘शेवटच्या भोजना’त ख्रिस्तासमोरच्या ताटात कुईच ठेवलेला आहे.

अंगणात सापो होता. पितळी बेडूक बसवलेलं लाकडी टेबल, त्याला भोकं. लांबून पितळी चकत्या फेकायच्या, बेडकाच्या तोंडात गेली तर सगळ्यात जास्त गुण. हरणाऱ्याने पुढची चिचा पाजायची. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी न विचारता मला मनगट कसं धरायचं ते दाखवलं. मंदारने दोन पेले पाजले.

सोमवार

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली आणि पवित्र खोऱ्याकडे निघालो. तिकिटांचं एकदा सांगून टाकते. मुख्य अवशेषांसाठी एकत्र पर्यटन तिकीट असतं, परदेशी माणसाला १३० सोल, दहा दिवस चालतं. त्यात कोरिकांचा, कॅथेड्रल आणि मारासची मिठागरं येत नाहीत.

चिंचेरोला विणकर बायका रंगकाम दाखवतात. निवडुंगावर वाढणारा कोचिनीलचा किडा तळहातावर चिरडला की रक्तासारखा लाल रंग. त्यात लिंबू पिळलं की नारिंगी, क्षार घातला की जांभळट. दाखवणाऱ्या बाईने तोच रंग ओठांना लावला, म्हणाली, नवऱ्याचं चुंबन कितीही घ्या, जात नाही. मग मंदारकडे बघून माझ्याही ओठांना लावला. हा विनोद ती रोज करत असणार, तरी सगळे हसले. तिथे घेतलेली शाल शहरातल्या दुकानापेक्षा महाग पडली, पण ज्या हातांनी विणली त्यांच्याच हातात पैसे गेले.

मोरायच्या गोल पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात वर आणि तळाशी हवामान वेगळं असतं. इंका तिथे पिकं वेगवेगळ्या उंचीला सरावून घेत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. वारा फार होता, लवकर निघालो. मारासला मात्र रेंगाळलो. मिठागर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उरण-वसईची सपाट खाडी येते. इथे डोंगराच्या उतारावर तीन हजारांहून जास्त वाफे, पांढरे, तपकिरी, गुलाबी, आणि त्यांना पाणी पुरवणारा खारट झरा हाताएवढा. वाफे गावातल्या कुटुंबांचे असतात. आता पर्यटकांना त्यांत उतरू देत नाहीत, कडेच्या वाटेवरून बघायचं. दुपार कलल्यावर जा, ऊन तिरपं झालं की रंग उठतात.

मुक्काम ओल्लान्तायताम्बोला. २८०० मीटर, त्यामुळे श्वास पुरा आत जातो. उंचीची भीती असणाऱ्यांनी विमानतळावरून थेट इथेच यावं आणि कुस्को नंतर करावं. गावाच्या गल्ल्या इंकांनी आखल्या तशाच आहेत, कडेने दगडी पाट वाहतात, आणि रात्री खिडकी उघडी ठेवली तर झोपेपर्यंत पाण्याचा आवाज येतो.

इथल्या नावाची गोष्ट केचुआ भाषेतल्या जुन्या नाटकात आहे. सेनापती ओल्लान्ताय पाचाकुतेक राजाच्या मुलीच्या, कुसी कोय्लुरच्या प्रेमात पडतो. राजा नकार देतो, तिला कोंडतो. कोंडलेली असतानाच तिला मुलगी झालेली. सेनापती बंड करतो आणि या गडावरून दहा वर्षं लढतो. शेवटी दगाबाजीने पकडला जातो, पण तोवर जुना राजा वारलेला असतो. नवा राजा माफ करतो आणि दोघांची, मुलीसकट, गाठ घालून देतो. सुखान्त! या शहराच्या आजूबाजूला ऐकलेल्या प्रेमकथांत हा एवढाच, आणि तोही रंगमंचावरचा.

मंगळवार

माचू पिचू. पहाटेची गाडी, खोऱ्यातून पावणेदोन तास, वर बस. आता मार्ग ठरवून दिलेले आहेत, आल्या वाटेने परत फिरता येत नाही, तिकिटं काही महिने आधी काढावी लागतात. त्यावर इतकं लिहिलेलं आहे की मी भर घालत नाही. सुंदर आहे. गर्दीही आहे. धुकं फाटून डोंगर दिसला तेव्हा शेजारच्या एका मुलाने गुडघा टेकून अंगठी काढली, आणि मार्गावरची माणसं “पुढे चला, पुढे चला” म्हणत असताना ती मुलगी हो म्हणाली. रात्री उशिरा कुस्कोत परतलो.

बुधवार

शेवटचा दिवस, बूट नकोसे झाले होते. सकाळी चॉकलेटच्या कार्यशाळेत बसलो. कोकोच्या बिया भाजायच्या, टरफलं काढायची, दगडी उखळात वाटायच्या. वाटण्याची शर्यत लावतात. पाट्यावर वाटण वाटलेल्या बाईशी ती लावू नये.

दुपारी परत चौकात. पहिल्या दिवशी इथे नुसते बसलो होतो, आज मिकाएला बास्तिदासबद्दल वाचून आले होते. तिचा नवरा होसे गाब्रिएल कोन्दोर्कान्की, म्हणजे दुसरा तुपाक अमारू. १७८० च्या नोव्हेंबरात त्याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. तो फौज घेऊन फिरायचा आणि मागे रसद, पहारे, परवाने, निरोप, सगळं ती बघायची. तिची पत्रं उरली आहेत. त्यांत ती त्याला ‘चेपे’ म्हणते आणि अक्षरशः झापते. लवकर कुस्कोवर चाल कर, गावागावांत वेळ घालवतोयस, तिकडे शत्रू फौज जमवतोय, माझ्या जिवाला घोर लावतोस. चेपे दक्षिणेकडे गेला. तो कुस्कोपाशी पोचेपर्यंत शहराची तयारी झाली होती, वेढा फसला. १८ मे १७८१ ला याच चौकात तिला, त्याला आणि त्यांच्या मोठ्या मुलाला मारण्यात आलं. आधी त्याला बाकीच्यांचं मरण बघायला लावलं.

“तिचं ऐकलं असतं तर?” मंदार म्हणाला.

“हेच वाक्य घरी गेल्यावर भिंतीला लावूया.”

तो हसला नाही लगेच. मग म्हणाला, “पण ती त्याला सोडून गेली नाही.” बेआत्रिसच्या त्या कोऱ्या चेहऱ्यासमोर मला ही झापणारी बायको फार जवळची वाटली.

मेणबत्तीचं जेवण आम्ही शेवटच्या रात्रीसाठी ठेवलं होतं, आणि तुम्हीही तेच करा. शरीर उंचीला सरावलेलं असतं, भूक लागते, पिस्को सावर एक झेपतो. चौकावरच्या सज्जात दोघांचं टेबल. मंदारने डोंगरी ट्राउट घेतला. मला भरली मिरची शाकाहारी करून दिली, रोकोतो जातीची. ती दिसते ढोबळी, पण लागते ठेचा, तेव्हा पहिला घास लहान घ्या. बटाट्याचे तीन रंगांचे काप, जांभळ्या मक्याचं गोड सरबत. बिल न्यू जर्सीतल्या साध्या रेस्टॉरंटइतकंच आलं. सज्जातलं टेबल हवं असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा, आणि जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवू नका, अंगातच ठेवा.